परक्या धक्क्यावरचा साग

संग्रहालयात शिरलं की माझे हात आपोआप पाठीमागे जातात. शाळेच्या सहलीत गुरुजींनी लावलेली ही शिस्त, पुढे काचेच्या पेट्यांनी ती पक्की केली. 'हात लावू नये' ही पाटी वाचत मोठं झालेलं माणूस वस्तू डोळ्यांनी बघतं आणि घरी येऊन विसरतं. नाण्यांची, तलवारींची, मूर्तींची कितीतरी दालनं पाहिली; त्या दिवसांतलं आज आठवतं ते बहुधा बाहेरच्या बाकावर बसून खाल्लेलं थालीपीठ. त्यामुळे जिथे वस्तूंना हात लावू देतात, तिथे मी थोडी बावरते. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचं जुनं बंदर आहे. तिथल्या संग्रहालयात दोनशे वर्षांपूर्वीची एक युद्धनौका पाण्यावर तरंगत ठेवली आहे आणि तिच्यावर हवं तितकं भटकता येतं. तोफांच्या मजल्यावर कुणी पाहत नाही असं बघून मी बाजूच्या जाड फळ्यांना तळवा टेकवला. गार होतं, पण ओकचं नव्हतं. साग होता. मलबारच्या जंगलात वाढलेला आणि मुंबईच्या गोदीत तासलेला.

भाची न्यूकॅसलला नोकरी करते. "मावशी, लंडन सगळेच बघतात, तुला तुझ्या गावासारखं काहीतरी दाखवते," असं म्हणून तिने मला किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या गाडीत बसवलं. संडरलंड मागे पडलं की सीअमपाशी समुद्र अगदी रुळांजवळ येतो. माझ्या गावासारखं त्यात काही नव्हतं. आमचा समुद्र निळा-हिरवा आणि बोलका, हा शिशाच्या रंगाचा आणि अबोल. माड नाहीत, सुरू नाहीत, नुसते गवताचे कडे. या किनाऱ्यावर पूर्वी लाटांबरोबर कोळसा यायचा आणि लोक तो पोती भरभरून गोळा करून नेत, असं भाचीने सांगितलं. जमिनीखालच्या खाणींच्या थरांमधून आणि खाणींनी समुद्रात लोटलेल्या कचऱ्यातून सुटलेला कोळसा तो. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर बायका वाहून आलेली लाकडं गोळा करायच्या. समुद्र सरपण देतो, ही गोष्ट दोन्ही किनाऱ्यांना ठाऊक आहे म्हणायची.

संग्रहालयाचं आजचं नाव मोठं आणि सरकारी आहे, नॅशनल म्युझियम ऑफ द रॉयल नेव्ही. हा धक्का १९९४ साली खुला झाला आणि २०१६ पासून हे नाव लागलं. गोदीच्या तिन्ही अंगांनी नेल्सनच्या काळातल्या बंदराची पेठ उभी केली आहे. दर्यावर्दी कपडे शिवणारा शिंपी, बंदुका बनवणारा, तलवारीला धार लावणारा, होकायंत्र आणि दुर्बिणी विकणारा, छापखानेवाला, बडा अधिकारी राहतो ते घर आणि कोपऱ्यात तुरुंग. आत पुतळे आहेत, आपण दारात उभे राहिलो की ध्वनिमुद्रित आवाजात ते बोलायला लागतात. शिंपी गिऱ्हाइकाचं माप घेतो, गिऱ्हाईक उधारीची बात करतं. दगडी फरसबंदी, काचांचे छोटे चौकोन असलेल्या खिडक्या, दुकानांवरच्या झुलत्या पाट्या. सगळं बघून वाटतं की ही पेठ अडीचशे वर्षं इथेच आहे. तशी ती कधीच नव्हती. हे बंदर कोळसा भरायचं, पुढे लोखंडी आगबोटी बांधायचं. हा नटवा धक्का बंद पडलेल्या गोदीच्या जागेवर गेल्या शतकाच्या शेवटी रचलेला आहे.

हे कळल्यावर माझा मूड जावा अशी भाचीची अपेक्षा असावी. गेला नाही. देवळाचा सभामंडप नवा आहे म्हणून आतला देव नवा ठरत नाही. शिवाय त्या खोट्या पेठेत काही गोष्टी फार मन लावून केलेल्या होत्या. शिंप्याच्या टेबलावर खडूचा कपचा होता आणि कापडाच्या कडेला कच्चा धावदोरा. तो कच्चा दोरा बघणाऱ्यांतल्या शंभरातल्या एकालाही दिसणार नाही. ज्याने तो घातला त्याला ते माहीत असणार, तरी त्याने घातला. मला मात्र पुतळे आवडत नाहीत. त्यांचे डोळे एकाच ठिकाणी खिळलेले असतात आणि आवाज भलतीकडून येतो. पुतळ्यापेक्षा रिकामी खुर्ची बरी, तिच्यात बसणाऱ्याची कल्पना तरी करता येते.

पुतळ्यांखेरीज जिवंत माणसंही होती. निळा आखूड कोट, पांढरी तुमान, मेणकापडाची टोपी घातलेला एक सत्तरीचा खलाशी मुलांना बंदूक ठासून दाखवत होता. दारूची पुडी दातांनी फाडायची, नळीत ओतायची, गोळी, कागद, गज. मग सगळ्यांनी कान झाकायचे. बार निघाला तसे गोदीवरचे सीगल एकदम उठले आणि शिव्या देत घिरट्या घालू लागले. मुलांनी पुन्हा-पुन्हा म्हणून गलका केला. नंतर त्याने नऊ शेपट्यांचा चाबूक काढला. चुकार खलाशाला उघड्या पाठीवर असल्या चाबकाने फोडून काढत. एका मुलाला स्वयंसेवक म्हणून पुढे बोलावलं, पोराने पाठ वाकवली, सगळे हसले. बंदरातल्या दारूच्या गुत्त्यांतून धट्टीकट्टी माणसं धरून जबरदस्तीने जहाजावर चढवणाऱ्या टोळ्यांची हकिगतही अशीच हसत-खेळत सांगितली गेली. बायको घरी भाकरी थापत बसली आहे आणि नवरा सकाळी वेस्ट इंडिजच्या वाटेला लागलेला आहे, यात गंमत कसली? पण भूतकाळ पोशाख घालून आला की तो विनोदीच होतो, आपल्याकडेही. शिवजयंतीच्या मिरवणुकीतला मावळा घोड्यावर मोबाइल बघत असतो आणि त्याच्या चेहऱ्यावर भूक नसते. भूक अभिनयाने दाखवता येते, पण रविवारी सकाळी, सहकुटुंब आलेल्या लोकांना ती दाखवणार कोण?

हार्टलपूलकरांना विनोदाचं एकूण वावडं नाही. त्यांच्याविषयीची एक गोष्ट सगळ्या इंग्लंडला पाठ आहे. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात एक फ्रेंच जहाज या किनाऱ्यावर फुटलं आणि त्यातून जिवंत किनाऱ्याला लागलं ते फक्त एक माकड, खलाशाच्या पोशाखातलं. इथल्या कोळ्यांनी आधी कधी फ्रेंच माणूस पाहिला नव्हता. त्यांनी माकडाची चौकशी केली, त्याची भाषा समजेना म्हणून त्याला फ्रेंच हेर ठरवलं आणि फाशी दिली. हे घडल्याचा पुरावा नाही, पण शेजारच्या गावांनी 'माकडाला फाशी देणारे' म्हणून चिडवण्याची सोय करून घेतली. चिडवून-चिडवून गाव शेवटी त्यावरच खूश झालं. फुटबॉल क्लबने माकडालाच आपलं शुभंकर केलं आणि २००२ साली त्या माकडाचा वेश घालणारा तरुण महापौरपदाला उभा राहिला. शाळकरी पोरांना फुकट केळी देण्याचं वचन त्याने दिलं होतं. तो निवडून आला, आणि नंतरही येत राहिला. ही गोष्ट ऐकून मला आमच्या मालवणी माणसाची आठवण झाली. आपल्यावरचा विनोद आपणच दुसऱ्याच्या आधी सांगून टाकायची ही रीत किनाऱ्यावरच्या माणसांना बरोबर जमते.

आता नौकेविषयी. नाव एचएमएस ट्रिंकोमाली, श्रीलंकेतल्या बंदरावरून ठेवलेलं. तोफा मूळच्या मोजमापाने ३८, तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे १५० फूट, तीन डोलकाठ्या. ब्रिटनच्या ज्या युद्धनौका आजही पाण्यावर तरंगतात त्यांत सर्वांत जुनी. नेल्सनची प्रसिद्ध व्हिक्टरी तिच्याहून वयाने मोठी आहे, पण ती पोर्ट्समथला कोरड्या गोदीत टेकू देऊन उभी केली आहे. नेपोलियनशी लढता-लढता इंग्लंडातला ओक संपत आला आणि नौदलाने मुंबईकडे तोंड वळवलं. सागात मुळातच तेल असतं. ओकमधला आम्लाचा अंश लोखंडी खिळे खाऊन टाकतो, साग त्यांना जपतो. खाऱ्या पाण्यातला लाकूड पोखरणारा किडाही सागाच्या वाटेला सहसा जात नाही. खलाशांना मात्र सागाची एक भीती असायची. तोफगोळा लागून उडालेली सागाची ढलपी अंगात घुसली तर जखम चिघळते, अशी त्यांची समजूत होती.

१८१२ मध्ये ही नौका बांधायचं ठरलं. तिचे नकाशे इंग्लंडहून मुंबईला जावा नावाच्या युद्धनौकेतून निघाले. ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ त्या डिसेंबरात अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशनने जावाला गाठलं आणि तिची चाळण केली. नकाशे बुडाले. ती कॉन्स्टिट्यूशन आजही बॉस्टनच्या बंदरात तरंगते आहे, म्हणजे नकाशे बुडवणारी आणि त्या नकाशांची, अशा दोघीही शाबूत. जावावर टॉमस हिस्लॉप नावाचा एक सेनाधिकारीही होता, मुंबईच्या फौजेचा प्रमुख म्हणून निघालेला. तो कैद झाला, सुटला, आणि पुढे मद्रासच्या फौजेचा प्रमुख होऊन हिंदुस्थानात आला. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव करणारा तो हाच. ब्राझीलजवळच्या त्या चकमकीत गोळा थोडा इकडचा तिकडे झाला असता तर काय, असल्या प्रश्नांना इतिहासात जागा नसते, पण जहाजाच्या कठड्याला टेकून उभं असताना दुसरे प्रश्न सुचत नाहीत.

नकाशे पुन्हा आले. एप्रिल १८१६ मध्ये मुंबईच्या गोदीत नौकेचं पठाण, म्हणजे तळाचं मुख्य लाकूड, अंथरलं गेलं आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. चोवीस दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. पुण्यात पेशवाई शेवटचे श्वास घेत होती आणि तिकडे बोरीबंदराच्या पलीकडे शेकडो माणसं इंग्रजांच्या राजासाठी जहाज बांधून मोकळी झाली होती. त्या माणसांना आपण इतिहासात आहोत याचा पत्ता असेल असं वाटत नाही. रोजंदारी मिळाली का, दिवाळीआधी मिळाली का, याची काळजी असणार.

बांधणारा मुख्य कारागीर जमशेटजी बमनजी वाडिया. त्याचा आजा लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आला आणि पुढे दीडशे वर्षं हे पारशी घराणं जहाजं बांधत राहिलं. पठाण अंथरताना त्यात चांदीचा खिळा ठोकण्याची त्यांची रीत होती, त्याशिवाय जहाजाला शुभ नाही. ग्रिनिचच्या संग्रहालयात जमशेटजींचं तैलचित्र आहे. पांढरा पायघोळ अंगरखा, डोक्याला पगडी, कमरेच्या शेल्यात ईस्ट इंडिया कंपनीने बक्षीस दिलेली चांदीची पट्टी. ट्रिंकोमाली पाण्यात गेली तेव्हा ते त्रेसष्ट वर्षांचे होते. त्यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. १८०० साली बांधलेल्या एका जहाजाच्या पोटात, सहसा कुणाच्या नजरेस न पडणाऱ्या तुळईवर, 'हे जहाज एका काळ्याने बांधलं' अशा अर्थाचं वाक्य, मध्ये एक इंग्रजी शिवी घालून, त्यांनी कोरून ठेवलं होतं आणि कित्येक वर्षांनी दुरुस्तीच्या वेळी ते सापडलं. गोष्ट जशी सांगतात तशीच घडली असेल-नसेल, मला ती खरी वाटावी असं वाटतं. इतकी वर्षं राग लाकडात मुरवत ठेवणारा माणूस मला मोठा वाटतो.

जमशेटजींचं नाव तरी राहिलं. लाकूड ओढणारे, करवतणारे, तासणारे, लोहार, दोर वळणारे, फळ्यांच्या फटींत तंतू ठोकून वर राळ ओतणारे, यांचं काय? त्यांत पारशी होते तसे कोकणी, गुजराती, कच्छीही असतील. धक्क्यावरच्या पेठेत शिंपी आहे, तलवारवाला आहे, त्यांच्या तोंडी संवाद आहेत. ज्यांनी ही नौका बांधली त्यांचं दुकान तिथे नाही. मी हे तक्रार म्हणून म्हणत नाही. हार्टलपूलने आपल्या समुद्राचं संग्रहालय केलं, मुंबईच्या सुतारांचं करायला ते बांधलेले नाहीत. फक्त तिथली सगळी पेठ फिरून झाल्यावर ज्या एका वस्तूचं वय खरं आहे ती वस्तू मुंबईची निघते, एवढं नोंदवून ठेवते.

जहाजाच्या खालच्या मजल्यावर वाकून चालावं लागतं. मी काही उंच नाही, तरी दोनदा डोकं आपटलं. इथे खलाशांच्या झोळ्या टांगलेल्या. नियमाने एका झोळीला रुंदी १४ इंच. पाळीपाळीने निम्मे लोक वर कामावर असत म्हणून कसंबसं निभावे. लोंबणारं फळकूट म्हणजे जेवणाचं टेबल, त्यावर लाकडी चौकोनी थाळ्या आणि दगडासारखी बिस्किटं. खायच्या आधी ती टेबलावर आपटायची, आतले किडे बाहेर पडतात. तीनशेच्या आसपास माणसं या पोटात राहायची. इथे वास कसला असेल? ओली लोकर, डांबर, कोंबड्या, घाम, तुंबलेलं पाणी. संग्रहालयात वास कधीच खरा नसतो, आणि हे ठीकच आहे. मला मात्र एक वास आला, अगदी अस्पष्ट, तेलकट आणि जरा उग्र. भाचीला विचारलं तर तिला आला नाही. आमच्या खाडीकाठच्या मांडवातला वास होता तो.

आमचं गाव वाघोटणच्या खाडीवर. पलीकडे विजयदुर्ग, अलीकडे गिर्ये, तिथे आंग्र्यांच्या आरमाराची खडकात कोरलेली जुनी गोदी. भरती आली की जहाज आत घ्यायचं, ओहोटीला दुरुस्त करायचं, पुन्हा भरतीला सोडायचं. १७५६ मध्ये इंग्रज आणि पेशवे यांनी मिळून विजयदुर्ग घेतला तेव्हा तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळून गेलं. त्या गोदीत आम्ही पोरं खेकडे शोधायचो. खाडीच्या कडेला झापांच्या मांडवात होड्या बांधणारा एक मेस्त्री होता. त्याच्याकडे नकाशा नसायचा. एक सुतळी, गेरूत बुडवून मारलेल्या रेघा आणि एक डोळा मिटून पाहणं, एवढ्यावर तीस हातांची होडी उभी राहायची. फळी वाकवताना खाली जाळ करायचा, वरून ओली पोती टाकायची, मग चार गडी टोकाला लोंबायचे. फळी हट्टाला पेटली की मेस्त्री तिच्या सात पिढ्या उद्धरायचा. आम्ही पोरं खदाखदा हसलो तर म्हणायचा, "गाळी घातल्याबिगर ह्यां वाकूचां नाय." होडी तयार झाली की माशाच्या तेलाने माखायची. ते तेल उन्हात तापलं की येणारा वास नाकातून दोन-दोन दिवस जायचा नाही. त्याच्या मुलाने फायबरच्या होड्यांचा धंदा धरला. चांगला चालतो. साच्यात ओतायच्या, वाळल्या की काढायच्या, शिव्यांची गरज पडत नाही. मला त्याला नावं ठेवायची नाहीत. सागाचा भाव पाहिला तर कुणीही हेच करील.

वरच्या मजल्यावर परत आल्यावर मघाचा बंदूकवाला खलाशी भेटला. दम खात दोरांच्या वेटोळ्यावर बसला होता. कुठल्या म्हणून विचारलं. मुंबईकडच्या, असं सांगितलं. त्याने टोपी काढली, डोलकाठीवर थाप मारली आणि विचारलं, "मग परत न्यायला आलात की काय?" मी म्हटलं, सध्या माझ्या बॅगेत जागा नाही. तो इतका हसला की खोकला लागला. मग त्याने पोशाखाच्या बाहेर येऊन त्याची स्वतःची हकिगत सांगितली. बाप आणि आजा इथल्या जहाजांच्या कारखान्यात होते. १९६० च्या सुमाराला इथले कारखाने बंद पडले आणि गावावर अवकळा आली. याला आयुष्यभर जमिनीवरच्या कामांत दिवस काढावे लागले. निवृत्त झाल्यावर इथे आला, "आता फुकट जहाजावर आहे, आणि बायकोला घरात अडचण नाही."

नौकेचं आयुष्यही असंच धरसोडीचं गेलं. १८१९ च्या एप्रिलअखेर ती पोर्ट्समथला पोहोचली, तेव्हा युद्धं संपली होती. पंचवीस-एक वर्षं ती नुसती बांधून ठेवली. मग वेस्ट इंडिज, उत्तर अमेरिका, पुढे प्रशांत महासागर. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर एका खाडीला अजून तिचं नाव आहे. तिच्या वाट्याला मोठी लढाई आलीच नाही. उतारवयात शिकाऊ खलाशांची शाळा म्हणून काही वर्षं ती याच हार्टलपूलला होती. १८९७ मध्ये भंगारवाल्याला विकली गेली. त्याच वर्षी एका श्रीमंत हौशी माणसाचं फूद्रायाँ नावाचं जुनं जहाज ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर आपटून फुटलं होतं. त्याने भंगारवाल्याकडून ट्रिंकोमाली विकत घेतली, तिला फूद्रायाँ हेच नाव दिलं आणि पुन्हा पोरांना दर्यावर्दीपण शिकवायला लावली. तिच्या शेजारी पुढे इंप्लॅकेबल नावाचं मूळचं फ्रेंच जहाज उभं असायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या डागडुजीला पैसे नाहीत म्हणून १९४९ साली ते इंग्लिश खाडीत नेऊन, दोन्ही देशांचे झेंडे लावून, मुद्दाम बुडवलं. सागाची मुंबईकरीण राहिली.

१९८७ मध्ये तिला तराफ्यावर घालून हार्टलपूलला आणलं. इथे आणण्याचं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. इथे त्याआधी वॉरियर नावाच्या लोखंडी युद्धनौकेचं काम आठ-एक वर्षं चाललं होतं. बंद कारखान्यांच्या या गावात त्या कामाने कारागीर पुन्हा उभे केले. काम संपून वॉरियर पोर्ट्समथला गेली त्याच वर्षी ट्रिंकोमाली आली, म्हणून हात रिकामे झाले नाहीत. तिचं काम २००१ पर्यंत चाललं. मध्येच १९९२ मध्ये तिला तिचं मूळ नाव परत मिळालं. म्हणजे लाकूड टिकलं ते सागाच्या गुणाने हे खरंच, पण त्याला जोड देणाऱ्या माणसांना रोज मिळत राहिला हेही तितकंच खरं.

मुंबईची ती गोदी अजून आहे. लायन गेटच्या आत, नौदलाच्या ताब्यात. तिथे सुरक्षेपायी आपल्याला जाता येत नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. पण बाहेर फोर्टात फिरणाऱ्या माणसाला, ससून डॉकला कोळंबी सोलणाऱ्या बायकांचे फोटो काढणाऱ्या पर्यटकाला, इथल्याच लाकडाची नौका उत्तर समुद्राच्या काठावर तरंगते आहे हे सांगणारं कोण आहे? रत्नागिरी जिल्ह्यातली कितीतरी घरं गोऱ्यांच्या आगबोटींवर लष्कर म्हणून, म्हणजे डेकवरचे खलाशी म्हणून, गेलेल्या पुरुषांच्या पैशांवर उभी राहिली. त्या घरांच्या माळ्यावर पत्र्याच्या पेट्या आहेत, लिव्हरपूलच्या शिक्क्याची कागदपत्रं आहेत. वाळवी वाट बघते आहे.

काही होतच नाही असं नाही. गोव्यात नुकतंच एक जहाज फळ्या काथ्याने शिवून बांधलं, अजिंठ्याच्या भिंतीवरचं पाचव्या शतकातलं चित्र समोर ठेवून. खिळा नाही. मे २०२५ मध्ये कारवारला ते कौंडिण्य नावाने नौदलात दाखल झालं. ते शिवणारे कारागीर केरळचे, कारण शिवणकाम त्यांच्या हातांत अजून शिल्लक होतं. चित्र होतं, सरकारी पैसा होता. पण हे हात उरले नसते तर काय केलं असतं कोण जाणे.

हार्टलपूलच्या धक्क्यावरची सगळी दुकानं खोटी आहेत हे मान्य करूनही मी म्हणेन, असा एक खोटा धक्का आपल्याकडे वाघोटणच्या खाडीत हवा. पोशाख घातलेले मावळे नसले तरी चालतील, तोफांचा बार तर मुळीच नको, आमच्या खाडीतले बगळे दचकतील. आधी झापांचा एक मांडव घालावा आणि त्यात बारा महिने एक तरी लाकडी होडी बांधत ठेवावी. कोकणात असे मेस्त्री अजून बोटांवर मोजण्याइतके तरी सापडतील. त्यांच्यातल्या एकाला तिथे आणावं, हाताखाली चार पोरं द्यावीत, आणि त्या सगळ्यांना दर महिन्याच्या एक तारखेला पगार द्यावा.